कागदावर नसलेल्या पुलाचे फोटो

पुलाचं नाव टाकत नाही, ऑफिसचंही नाही. पुन्हा तिथेच काम पडतं. पश्चिम विदर्भातला, काळ्या दगडाचा, कमानींचा, रस्त्यावरचा जुना पूल, एवढं पुरे. शेजारी सिमेंटचा नवा पूल झाला, रस्ता तिकडे वळला आणि जुन्याच्या दोन्ही तोंडांना मुरमाचे ढीग टाकून तो बंद केला. माझं कृषी केंद्र आहे. खरिपात दुकान सोडता येत नाही, पण रब्बीची बियाणं-खतं एकदा गेली की मी कॅमेरा घेऊन पूल बघत फिरतो. बायको म्हणते, लोक देवळं बघायला जातात.

खरं तर रस्त्यावर उभं राहून पुलाचा फोटो काढायला कोणाची परवानगी लागत नाही. पत्राची गरज पडते ती नदीत उतरल्यावर. आपल्याकडे नदीपात्रात कॅमेरा घेऊन उभा असलेला माणूस दोनच प्रकारचा असतो: तहसीलचा नाहीतर पेपरवाला. आणि दोघंही रेतीसाठीच आलेले असतात. मी ट्रायपॉड लावून कमानीच्या पोटाचा फोटो घेत होतो, तर मोटरसायकलवरून दोन पोरं खाली आली.

"फोटो कायले काढून राह्यले?"

"पुलाचा काढतोय."

"पुलाचा? पुलात काय हाये?"

यावर माझ्याकडे अर्ध्या तासाचं उत्तर होतं, पण त्यांची नजर कॅमेऱ्याच्या कार्डावर होती. वर गावात पोलीस पाटलांना भेटलो. ते समजूतदार निघाले. म्हणाले, "भाऊ, बांधकामाचं एक पत्र आना. मंग कोनी काई म्हनत नाई." म्हणजे कायद्याने नको असलेलं पत्र गावाने मागितलं. मलाही ते पटलं, कारण बंद पुलावर चढून वरून कठड्यांचे फोटो घ्यायचे होते, आणि जमलं तर मूळ नकाशा बघायचा होता. साधं काम वाटलं.

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ऑफिसात आवकच्या टेबलावर अर्ज दिला. बाबूंनी तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली आणि विचारलं, "पूल क्रमांक?"

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे पुलाला नंबर असतो, आणि तो रस्त्याच्या किलोमीटरवरून पडतो. 34/2 म्हणजे चौतिसाव्या किलोमीटरातला दुसरा पूल. कठड्यावर किंवा टोकाच्या दगडावर रंगवलेला असतो. माझ्या पुलावर तो असणारच होता, पण चुन्याचे आणि पक्षांच्या घोषणांचे इतके थर होते की फक्त एक तिरकी रेघ वाचता येत होती. नंबर नाही म्हटल्यावर अर्ज आवकला चढेना. आवकला चढत नाही म्हणून पोच नाही. पोच नाही म्हणून साहेबांकडे जाता येत नाही. आणि साहेब तसेही साईटवर.

मी नव्या रस्त्याचे किलोमीटर दगड मोजत जाऊन नंबर काढला. त्यावर बाबूंनी संगणकात बघून सांगितलं, की त्या ठिकाणी आमच्याकडे पूलच नाही. रस्ता राष्ट्रीय महामार्ग झालाय, तिकडे जा.

महामार्गाच्या विभागात शाखा अभियंता भेटले. तरुण, बोलायला बरे. त्यांनी आखणीचा नकाशा स्क्रीनवर उघडून दाखवला. त्यात नवा पूल होता. जुना पूल आखणीच्या बाहेर, म्हणून तो आमच्या ताब्यात नाही, असं त्यांचं म्हणणं. मग जिल्हा परिषद. तिथे ऐकलं, "आमच्याकडे इतर जिल्हा मार्ग आन् ग्रामीण रस्ते. एवढा मोठा पूल आमच्याकडे कसा राहीन?" तेही बरोबर. तिघंही खरं बोलत होते, आणि माझा संताप त्यामुळेच जास्त झाला. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

इतका मोठा, दगडाचा पूल. वरून पंचवीस-तीस वर्षांपूर्वीपर्यंत एस.टी. जायची, कापसाच्या गाड्या जायच्या. आणि तो कोणाच्याच यादीत नाही! बरं, कोणाच्या नाही म्हणून मला मोकळीक मिळाली असं नाही. "आमचा नाही" म्हणणारा प्रत्येक जण शेवटी "पण फोटो कशाला?" हे विचारायचाच. एका टेबलावर तर स्पष्टच विचारलं, "तडे-बिडे दाखवून पेपरात देणार नाही ना?" ही भीती समजते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, त्यात दोन एस.टी. बस वाहून गेल्या. तेव्हापासून जुना दगडी पूल आणि फोटो हे शब्द एका वाक्यात आले की ऑफिसातला माणूस आधी सावध होतो. पण ज्या पुलाची भीती वाटते तो नोंदवहीत तरी पाहिजे की नको?

फेऱ्या मोजणं मी सोडून दिलं होतं. दुकानात नोकराच्या भरवशावर गल्ला टाकून जायचं, तर साहेब मिटिंगला. दुपारी जेवणाची सुट्टी संपायची वाट बघत पंख्याखाली बसायचं, तर लाईट गेलेली. एकदा बाबू स्वतःहून म्हणाले, "अर्ज ठेवून जा, पाहू." पोच मागितली तर चेहरा असा केला की मी उधारी मागायला आलोय.

शेवटी माहितीचा अधिकार. हे आधी का सांगत नाहीत कोणी! अडकलेल्या मालकीवर याच्याइतकं सोपं औषध नाही. जोडपत्र 'अ' भरायचं, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. महाराष्ट्रात मजकूर दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर ठेवायचा. मी दोन गोष्टी लिहिल्या: हा पूल कोणाच्या ताब्यात आहे त्याची नोंद, आणि त्या नोंदीचं व नकाशाचं प्रत्यक्ष अवलोकन. 2005 च्या कायद्यात कागदाची नक्कल मागता येते तसं कागद समोर बसून बघताही येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आणि खरी गंमत कलम 6(3) मध्ये आहे. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर "तिकडे जा" म्हणून अर्जदाराला हाकलता येत नाही. त्यांनीच पाच दिवसांच्या आत अर्ज तिकडे पाठवायचा. पुलाचा मालक मी कशाला शोधू? त्यांनी शोधावा.

आवकच्या बाबूंचाच फोन आला. "भाऊ, एवढ्यासाठी माहितीचा अधिकार कायले टाकला? सांगतलं असतं तर करून देलं असतं." मी फोन हातात धरून थोडा वेळ गप्प बसलो.

कोडं सोडवलं ते बांधकाम विभागातल्याच आरेखकांनी, म्हणजे नकाशे काढणाऱ्यांनी. निवृत्तीला आलेले गृहस्थ, चष्मा कपाळावर. त्यांनी विचारलं, "किलोमीटरमध्ये शोधला का तुम्ही?" आणि कपाटाच्या वरच्या खणातून कापडी पाठीची जाड नोंदवही काढली. त्यात रस्ता मैल आणि फर्लांगमध्ये होता. जुन्या पुलाची नोंद मैलांत झाली, पुढे रस्ता किलोमीटरचा झाला, मग सुरुवातीचा बिंदूच बदलला. संगणकात भरताना नवी यादी भरली, जुनी वही कपाटात गेली. त्यांनी कॅल्क्युलेटरवर हिशेब केला, एक मैल म्हणजे आठ फर्लांग, म्हणजे 1.609 किलोमीटर, आणि बोट बरोबर त्या ओळीवर ठेवलं. पूल होता. महामार्गाकडे तो हस्तांतरित केल्याचा कागद कुठेच नव्हता, म्हणजे तो अजूनही याच विभागाचा. बाबू पलीकडच्या टेबलावरून बघत होते. मी त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं. सोडलं नाही.

मग त्यांनी नकाशा उलगडला. ट्रेसिंगच्या कापडावरचा, निळसर, खळ दिलेल्या कापडासारखा कडक. चारही कोपऱ्यांवर पंचिंग मशीन, शाईची बाटली, माझा मोबाइल असं काहीबाही ठेवावं लागलं, नाहीतर तो परत गुंडाळी होत होता. मापं फुटांत. कमानीचा प्रत्येक पाचरीसारखा दगड वेगळा काढलेला, मधला कळीचा दगड जरा मोठा. खांबांचा पाया पायऱ्या-पायऱ्यांनी रुंद होत खाली खडकावर टेकलेला. पुराची पातळी लाल रेघेने. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, तिच्यावर कोणी पूल टेकवत नाही. पश्चिम विदर्भात बऱ्याच जागी खाली बेसॉल्ट लवकर लागतो, त्याचा फायदा त्या माणसाने घेतलेला दिसत होता. मी तिथेच उभं राहून ठरवलं, की पहिला फोटो पायाचा काढायचा.

म्हणून उन्हाळ्यात जा. मे महिन्यात पात्र कोरडं असतं, पाया उघडा दिसतो. नोव्हेंबरचं पाणी आणि हिरवळ फोटोला छान, पण पूल कळत नाही. आधी वरच्या अंगाला जा, जिकडून पाणी येतं. खांबांना तिकडे त्रिकोणी नाकं असतात, ती पाणी आणि वाहून येणारी झाडं फाडून दोन बाजूंना काढतात. मग खालच्या अंगाला, तिथे पाण्याने पायाशी केलेले खड्डे दिसतात. सकाळी सातच्या आत पोचा, तिरप्या उन्हात टाकीचा प्रत्येक घाव उठून दिसतो. काळा दगड कॅमेऱ्याला फसवतो, तो बिचारा उजेड वाढवून दगड राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर पाऊण स्टॉप तरी खाली ओढा. आणि बाजूला एखादा माणूस उभा करा. मला ती मोटरसायकलवाली पोरंच सापडली, पत्र दाखवल्यावर दोघंही खांबाला टेकून ऐटीत उभी राहिली.

कमानीत लोखंडाचा खिळा नाही. वरचं वजन दगडांना एकमेकांवर दाबतं, दाब बाजूला सरकत काठाच्या भिंतीत जातो. म्हणून वजन वाढलं की सांधे आणखी घट्ट होतात. काठाची भिंत किंवा खांबाचा पाया हलला, की खरा धोका. शेजारच्या नव्या पुलाला मात्र मी नावं ठेवत नाही. त्याच्या गर्डरखाली, म्हणजे आडव्या तुळयांखाली, रबराच्या गाद्या आहेत. 40 मीटरचा गर्डर 30 अंशांच्या फरकात सव्वा ते दीड सेंटिमीटर लांबतो, आणि तो लांबायला जागा मिळाली नाही तर फुटतो. त्या गाद्यांचा फोटो मला कमानीइतकाच आवडतो, फक्त तो कोणाला दाखवला की लोक पुढचा फोटो मागतात.

ड्रोनचं राहिलं. 250 ग्रॅमच्या आतला असेल तर पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, तरी ड्रोनसाठीच्या 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशात जागा हिरवी, म्हणजे मोकळी, आहे का ते बघा आणि ठाण्यात सांगून ठेवा. रेल्वेच्या पुलांना हे काहीच लागू नाही. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी अडीच फूट रुंद रुळांवरची शकुंतला रेल्वे बंद आहे म्हणून रुळांवर चढू नका. रेल्वे कायद्याच्या कलम 147 मध्ये विनापरवाना घुसण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. तिथे रेल्वेच्या मंडळाच्या (डिव्हिजनच्या) जनसंपर्क कार्यालयात आधी लिहा. तीही लाईन स्वातंत्र्यानंतर खासगी कंपनीच्या मालकीची राहिली आणि गाडी चालवायची रेल्वे, त्यामुळे "कोणाचं" हा प्रश्न आमच्या भागात नवा नाही.

माझं पत्र आलं ते 31 मार्चपर्यंतच्या मुदतीचं. मेमध्ये जायचं म्हणून मुदतवाढीचा अर्ज वेगळा. पत्राखाली अट होती: "छायाचित्रणादरम्यान सदर पुलास कोणतीही हानी पोहोचल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी अर्जदाराची राहील." काल-परवापर्यंत कोणाचाच नसलेला पूल, आणि आता त्याचा जबाबदार मी. सही करून दिली. या वेळी पोच न मागता मिळाली.