गादी, तीन वर्षांचा युवराज आणि ‘अटलांटिक क्रॉसिंग’

‘अटलांटिक क्रॉसिंग’ ही नॉर्वेच्या सरकारी वाहिनीची आठ भागांची मालिका 2020 साली आली आणि पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय एमी घेऊन गेली. चर्चा झाली ती नॉर्वेची युवराज्ञी मार्था आणि अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांच्या जवळिकीची. खरा जीव मात्र सुरुवातीच्या भागांत आहे, आणि साताऱ्याच्या माणसाला तो चटकन कळेल.

9 एप्रिल 1940च्या पहाटे ऑस्लोच्या खाडीत ऑस्कर्सबोर्ग किल्ल्यावरच्या जुनाट तोफांनी आणि टॉर्पेडोंनी नॉर्वेवर चाल करून आलेली ‘ब्ल्यूखर’ ही जर्मन युद्धनौका बुडवली. तेवढ्या सवडीत राजघराणं, मंत्री आणि खासदार रेल्वेने हामारला निसटले, तिथून एल्वेरुमला. राजा हाकोन आणि मार्थाचा नवरा युवराज ओलाव देशातच थांबले. मार्था तिन्ही मुलांना घेऊन स्वीडनला गेली. ते तिचं माहेर, राजा गुस्ताव पाचवा तिचा सख्खा चुलता. पण माहेरीही धास्ती होतीच. जर्मनांच्या दबावालाही हाकोन गादी सोडेना, तेव्हा तिच्या तीन वर्षांच्या मुलाला, हाराल्डला, राजा करून मार्थाला कारभार बघायला लावायचं, अशी कुजबुज सुरू झाली.

इथे आपलं 1839 आठवतं. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून कंपनीने काशीला धाडलं आणि धाकटे बंधू आप्पासाहेब यांना गादीवर बसवलं. 1848 मध्ये ते वारले. शेवटच्या घटकेला घेतलेलं दत्तक डलहौसीने नाकारलं आणि राज्य खालसा. हाराल्डच्या बाबतीत तो डाव फसला, कारण ऑगस्ट 1940 मध्ये मार्था मुलांसह फिनलंडच्या पेट्सामो बंदरातून ‘अमेरिकन लीजन’ जहाजाने निघून गेली. मालिकेने यावर आणखी एक भाग खर्चायला हवा होता.

दुसरा फरक पैशाचा. प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले, हाती होते फक्त कागद. हाकोन 7 जून 1940ला ट्रॉम्सोहून निघाला, आणि लंडनमधल्या त्याच्या सरकारकडे सुमारे हजार व्यापारी जहाजं होती. युद्धात तेल-धान्य वाहणाऱ्याला कोण दारात तिष्ठत ठेवणार?

गडबड होते ती लेंड-लीजच्या, म्हणजे मित्रदेशांना रोख न घेता युद्धसाहित्य उसनं देण्याच्या अमेरिकी योजनेच्या, प्रसंगात. ही कल्पना रुझवेल्टला मार्थामुळे सुचली, असं मालिका भासवते. प्रत्यक्षात डिसेंबर 1940च्या सुरुवातीला चर्चिलचं लांबलचक पत्र आलं: ब्रिटनची रोख संपत आलीय. 17 डिसेंबरला रुझवेल्टने पत्रकारांना शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर आपली बागेची नळी उसनी देण्याचा दाखला दिला. 11 मार्च 1941ला कायदा झाला. पटकथेला सगळं राजकारण दिवाणखान्यात आणायचं होतं, त्यापायी हे झालं. नॉर्वेतल्या इतिहासकारांनीही यावर झोड उठवली.

बघायची तर मूळ आवाजात, सबटायटल लावून. मार्था करणारी सोफिया हेलिन स्वीडिश आहे. सासरची नॉर्वेजियन बोलताना तिचा माहेरचा हेल लपत नाही. डबिंगमध्ये तो पार पुसला जातो.