एकच ओळ, तीन असेंब्लर

पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्या बऱ्याच जणांची असेंब्ली (प्रोसेसरच्या अगदी जवळची भाषा) मायक्रोप्रोसेसर लॅबच्या नॅझम या असेंब्लरपाशीच (असेंब्लीचा मशीन कोड करून देणारा प्रोग्रॅम) थांबते, आणि मग असेंब्ली म्हणजे एक्स८६ (इंटेल-एएमडीवाले प्रोसेसर) एवढंच डोक्यात बसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण दुसरे प्रोसेसर बघायला बोर्ड लागत नाही, इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानासाठी पासोड्या विठोबाला चक्कर मारायची गरज नाही. उबुंटूवर एआर्म ६४ आणि रिस्क-फाइव्ह या दुसऱ्या दोन प्रकारच्या प्रोसेसरचे बिनयुटिल्स, म्हणजे असेंब्लर आणि सोबतची टूल्स, एका कमांडमध्ये इन्स्टॉल होतात, असेंब्लर सगळीकडे तोच ग्नू वाला, फक्त नावाच्या पुढे आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरचा प्रकार, लागतं.

मग एकच काम तिघांना द्यायचं. रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागेत) ५ टाका. असेंबल करा आणि तयार झालेला मशीन कोड दाखवणाऱ्या ऑब्जडंपला डॅश डी देऊन बाइट्स बघा. एक्स८६ ला ५ बाइट लागतात, बी८ ०५ आणि पुढे तीन शून्यं. एआर्मला ४, कारण तिथे प्रत्येक इन्स्ट्रक्शन ४ बाइटचीच. रिस्क-फाइव्हमध्ये कॉम्प्रेस्ड (२ बाइटच्या छोट्या) इन्स्ट्रक्शन चालू असतील तर फक्त २!

खरी मजा आकडा मोठा केल्यावर आहे. ५ च्या जागी हेक्समध्ये १२३४५६७८ टाका. एक्स८६ त्याच ५ बाइटमध्ये तो आकडा सामावून घेतो, रिस्क-फाइव्हचा असेंब्लर एलआय (रजिस्टरमध्ये आकडा टाका) या एका ओळीच्या गुपचूप दोन इन्स्ट्रक्शन करून देतो, आणि एआर्मचा असेंब्लर सरळ एरर देतो की हा आकडा एका इन्स्ट्रक्शनमध्ये बसत नाही, मग आपणच मूव्हझेड आणि मूव्हके या दोन इन्स्ट्रक्शन लिहून आकडा दोन तुकड्यांत भरायचा. ४ बाइटच्या, म्हणजे ३२ बिटच्या आत ऑपकोड (काय करायचं त्याचा कोड), रजिस्टर नंबर आणि वर ३२ बिटचा आकडा मावणार कुठून? पुस्तकात फिक्स्ड लेंग्थ इन्स्ट्रक्शन हे दोन मार्कांचं उत्तर असतं, इथे ते डोळ्यासमोर घडतं आणि मग विसरत नाही.

नॅझमची सवय असलेल्यांनी कॉमेंटकडे लक्ष द्या हं. तिथे सेमीकोलन म्हणजे कॉमेंट, ग्नूच्या एआर्मवाल्यात सेमीकोलन म्हणजे नवीन ओळ, त्यामुळे तुमची कॉमेंट तो इन्स्ट्रक्शन समजून वाचायला जातो. एआर्म ६४ ला दोन स्लॅश, रिस्क-फाइव्हला हॅश. आणि एक्स८६ वर ग्नू वापरलात तर मुळात एटी अँड टी सिंटॅक्स (लिहायची पद्धत) असतो, सोर्स डावीकडे डेस्टिनेशन उजवीकडे. नको असेल तर फाइलमध्ये वरच इंटेल सिंटॅक्स, नोप्रीफिक्स लिहून टाका.

रन करायला क्यूएमयूचा (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) यूजर मोड पुरतो. प्रोग्रॅम संपवायचा सिस्टीम कॉल (ऑपरेटिंग सिस्टीमला केलेली विनंती) एक्स८६-६४ लिनक्सवर ६० नंबरचा, एआर्म ६४ आणि रिस्क-फाइव्ह दोन्हीकडे ९३. म्हणून एआर्मचा छोटा प्रोग्रॅम रिस्क-फाइव्हवर नेताना नंबर तेच राहतात, सिस्टीम कॉल करणाऱ्या एसव्हीसी इन्स्ट्रक्शनच्या जागी ईकॉल येतो आणि रजिस्टरची नावं बदलतात. सुरुवात याच जोडीपासून करा, एक्स८६ तिसरा घ्या.