दोरीवरची जागा

श्रावणात चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, वाळत नाही, हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. शील सांगितली, वंदना पाठ करून घेतली, पात्र कसं धरायचं, नजर कुठं ठेवायची, चालताना हात हलवायचे नाहीत, सगळं झालं. पण एवढं लांबच लांब कापड पावसाळ्यात धुतलं तर दोन दिवस दमट राहतं आणि त्याला कुत्रं भिजल्यासारखा वास येतो, हे ज्याचं त्यानंच शोधून काढायचं असतं.

मागच्या वर्षावासातली गोष्ट. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खू एकाच ठिकाणी राहतात, तेव्हा आमच्याकडं बऱ्याच विहारांत श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, व्हायची शिबिरं लागतात, दहा दिवसांची. नोकरीवाले, पोरं, रिटायर माणसं, कोणीपण जातं, डोकं भादरतं, चीवर घेतं आणि अकराव्या दिवशी पँट घालून घरी येतं. मी रिटायर झालो त्याच वर्षी बायकोला म्हणलं होतं की जाऊन येतो. ती म्हणाली जा, तेवढीच घरात शांतता. वर्ध्याजवळचा एक लहानसा विहार, पत्र्याचा व्हरांडा, मागं हापसा, आणि आम्ही तेवीस जण. त्या तेवीस जणांत व्हरांड्यातली दोरी एकच.

मी एकतीस वर्षं कंडक्टर होतो, लाल गाडीवर. हे सांगायचं कारण म्हणजे कंडक्टरचा स्वभाव. सुट्टे पैसे, दारात लटकणारी पोरं, हाफ तिकिटावरून भांडणारे आईबाप, यातून माणूस एकतर संत होतो नाहीतर माझ्यासारखा होतो. माझा आवाज मागच्या सीटपासून ड्रायव्हरपर्यंत जायचा, घंटीची दोरी ओढायची गरजच पडायची नाही असं ड्रायव्हर लोक म्हणायचे. आणि मी ते कौतुक समजायचो.

डोकं भादरताना हातात थोडे केस देतात आणि केसा, लोमा, नखा, दन्ता, तचो असं म्हणायला लावतात, आधी सरळ मग उलटं. केस, अंगावरचे केस, नखं, दात, कातडी. ज्यावर माणूस आयुष्यभर मिरवतो ती पाच, बघ म्हणे नीट. मी बघितलं. पिकलेले होते. एवढं चांगलं वाटलं की सांगता येत नाही, वाटलं सुटलो, एका झटक्यात सुटलो सगळ्यातून. खिशात पैसे नाहीत (दहावं शील सोन्याचांदीला हात न लावण्याचं आहे, आणि मुळात खिसाच नाही), मोबाईल जमा, घड्याळ जमा. आता लोभ करायचा तरी कशाचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मला दोरीचा लोभ सुटला.

झालं असं की व्हरांड्याच्या एका टोकाला भिंतीत जाळी होती, तिथून वारा यायचा. त्या टोकाचं चीवर संध्याकाळपर्यंत वाळायचं. दुसऱ्या टोकाला पत्रा गळायचा. मी पहिल्या दिवशी जाळीपाशी टाकलं होतं म्हणून ती जागा माझी, असं माझ्या मनानं परस्पर रिझर्वेशन करून टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर तिथं दुसऱ्याचं चीवर. कोणाचं, तर त्या पोराचं. वीस वर्षांचं पोरगं, घरोघरी पार्सल पोचवायचं काम करतं, इथं आईनं नवस बोलल्यासारखं पाठवलेलं. नवस वगैरे आपल्यात नसतात, पण आयांना कोण सांगणार.

या पोराचं आणि माझं आधीच जरा वाजलेलं होतं, म्हणजे माझ्या मनात वाजलेलं होतं, त्याला पत्ताच नव्हता. श्रामणेरांची रांग वयावर लागत नाही. ज्यानं आधी चीवर घेतलं तो पुढं. हे पोरगं माझ्या आधी न्हाव्यासमोर बसलं म्हणून ते माझ्या पुढं, जेवायला पुढं, वंदनेला पुढं, भिक्षेला निघाल्यावर पण मी आपला त्याच्या टाचांकडं बघत चाललोय. एकसष्ट वर्षांचा माणूस. आणि त्याला धड वंदना पाठ नव्हती! सब्बपापस्स अकरणं म्हणताना अडखळायचं आणि मागून मी जरा मोठ्यानं म्हणायचो, म्हणजे त्याला मदत व्हावी म्हणून. असं मी स्वतःला सांगायचो.

आता गंमत बघा. उपालीची गोष्ट मला लहानपणापासून पाठ आहे, आमच्यात कोणाला नसते. अनुरुद्ध, भद्दिय, आनंद, देवदत्त वगैरे शाक्य कुळातले सहा जण प्रव्रज्या घ्यायला निघाले, सोबत त्यांचा न्हावी उपाली. ते बुद्धांना म्हणाले की आम्ही शाक्य लई मानी लोक आहोत, याला आमच्या आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला याच्यापुढं वाकावं लागेल आणि आमचा मान जिरेल. आणि तसंच झालं, पुढं विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, सगळ्यात मोठा जाणकार म्हणून उपालीचंच नाव झालं. ही गोष्ट मी स्वतः बुद्धजयंतीला दोनदा भाषणात सांगितलेली आहे, टाळ्या घेतलेल्या आहेत. पण सांगताना मी कायम उपालीच्या बाजूला उभा असायचो. आपण कोण तर उपाली, वाकायचं कोणी तर शाक्यांनी. कधी स्वप्नात पण आलं नव्हतं की एक दिवस मी शाक्यांच्या लाईनीत उभा असेन आणि समोर एक पार्सलवालं पोरगं असेल, आणि मला वाटेल की हे काय बरोबर नाही राव.

शिबिर घेणाऱ्या भिक्खूंनी, आमच्या भंतेजींनी, पहिल्याच संध्याकाळी एक काम लावून दिलं होतं. म्हणाले, झोपायच्या आधी स्वतःला बघायचं. मज्झिम निकाय या पाली ग्रंथात बुद्धांचे शिष्य मोग्गल्लान भिक्खूंना सांगतात की जसं नटायची हौस असलेलं तरणं माणूस आरशात नाहीतर भांड्यातल्या स्वच्छ पाण्यात आपलं तोंड बघतं आणि डाग दिसला की पुसायच्या मागं लागतं, तसं भिक्खूनं आपल्याला बघावं. मी रागीट आहे का, मी स्वतःला चढवून दुसऱ्याला उतरवतो का. आम्हाला वही दिली. मी कंडक्टर माणूस, मी लगेच वेबिलासारखे, म्हणजे कंडक्टरच्या तिकिटांच्या हिशोबाच्या कागदासारखे, रकाने आखले. लोभ, मान म्हणजे अहंकार, क्रोध. कुठून कुठपर्यंत, किती.

लोभाचा रकाना भराभर भरला. जेवण बाराच्या आत, नंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत काही नाही. संध्याकाळी गुळाचा कोरा चहा मिळायचा, कारण गूळ औषधात धरतात, तूप, लोणी, तेल, मध याच्या जोडीला. तर उपासिका रांगेनं वाढायच्या, पात्रात वरणभात, त्यावर भाजी, त्यावरच खीर, सगळं एकत्र. जेवायच्या आधी पालीत म्हणायचं की हे अन्न मी मजेसाठी नाही, माज करायला नाही, नटायला सजायला नाही, फक्त हे शरीर टिकावं म्हणून घेतोय. मी डोळे मिटून म्हणायचो आणि डोळ्याच्या फटीतून गुलाबजामचं पातेलं कुठपर्यंत आलं ते बघायचो. एक दिवस माझ्या पुढं पातेलं संपलं. त्या पोराला दोन मिळाले आणि मला नुसता पाक. वहीत लिहिलं, लोभ, गुलाबजाम, दोन. खरं तर ते क्रोधात पण जायला पाहिजे होतं आणि मानात पण, एकाच प्रवाशाची तीन तिकिटं.

मानाचा रकाना पहिले तीन दिवस कोरा ठेवला. तिसऱ्या रात्री तो कोरा रकाना बघून बरं वाटलं आणि तेव्हाच कळलं की भरला.

चौथ्या दिवशी आई आली. ब्याऐंशी वर्षांची, गुडघे गेलेले, तरी खाली बसून डोकं टेकवलं माझ्यासमोर. दहा दिवसांचा का असेना, चीवराला वंदन असतं, माणसाला नाही, हे मला माहीत आहे, तिला तर जास्तच. मला गलबलून आलं. तिनं मोठ्यानं म्हणलं, वंदामि भंते, आणि उठता उठता हळूच विचारलं, जेवला का रे बापू. त्या दिवशी मान गेला होता बहुतेक कुठंतरी.

पण सहाव्या दिवशी आमचे जुने एक साहेब आले, ज्यांनी मला दोनदा मेमो दिला होता, आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती. ते पण वाकले. मी तोंड एकदम शांत ठेवलं, नजर चार हात पुढं जमिनीवर, शिकवल्यासारखी. आणि आतून काय सांगू, असं गोड गोड वाटलं, गुलाबजामपेक्षा गोड. मी आशीर्वाद जरा लांबवला, म्हणजे ते जरा जास्त वेळ वाकलेले राहतील म्हणून. हे मी बायकोला पण सांगितलेलं नाही.

वहीत लिहायला बसलो आणि अडकलो. भंतेजींकडं गेलो. ते म्हणाले, मान तीन तऱ्हेचा असतो. मी वरचढ, मी बरोबरीचा, मी कमी, तिन्ही मानच. मला पहिलं पटलं, तिसरं पण पटलं, स्वतःला कमी कमी म्हणत मिरवणारे लोक मी बघितलेत. पण दुसरं? मी बरोबरीचा, हा पण मान? मी म्हणलं भंते, माझा बाप छप्पन साली नागपूरला गेला, १४ ऑक्टोबरला, पांढरे कपडे घालून, उसने आणलेले. परत आला तो गावात मान वर करून चालायला लागला. त्याआधी पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना पायातली वहाण हातात घ्यायचा. तो बरोबरीसाठीच गेला होता. त्याचा पण तुम्ही रकाना करणार का?

भंतेजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, बापाचं मला माहीत नाही, तुमची वही दाखवा. आणि वहीत काय होतं, तर दोरी, पोरगं, गुलाबजाम, साहेब.

मी तेव्हा चिडलोच जरा. अजून पण माझं त्यावर पूर्ण समाधान झालेलं नाही. मराठीत मान दोन आहेत, एक खांद्यावरची आणि एक लोक देतात तो, आणि पालीतला हा तिसरा. बाबानं वर केली ती पहिली. वाकलेला कणा सरळ करणं आणि दुसऱ्याच्या शेजारी उभं राहून उंची मोजत बसणं यात फरक असणारच, असलाच पाहिजे, नाहीतर मग बाबासाहेबांनी आम्हाला या रस्त्याला कशाला आणलं असतं. पण कुठं पहिली संपते आणि तिसरा सुरू होतो ते मला त्या व्हरांड्यात काही सापडलं नाही. भंतेजींनी एवढं मात्र सांगितलं की दहा संयोजनांत, म्हणजे मनाच्या बेड्यांत, राग आधी तुटतो, अनागामीला, म्हणजे शेवटून दुसऱ्या पायरीवरच्याला, राग राहत नाही, पण मान पार अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, होईपर्यंत चिकटून असतो. म्हणजे मी ज्याला सगळ्यात मोठा रोग समजत होतो, तो आवाज, तो संताप, तो तर आधी उतरणारा प्रवासी निघाला. शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहणारा वेगळाच.

तरी रागानं जायच्या आधी दणका दिलाच. आठव्या दिवशी धो धो पाऊस, आणि मी दुपारी व्हरांड्यात एकटा. जाळीपाशी परत त्याचं चीवर. मी इकडंतिकडं बघितलं आणि ते उचलून गळक्या टोकाला सरकवलं, माझं जाळीपाशी टाकलं. आरडाओरडा नाही, शिवी नाही, एक शब्द नाही. एकतीस वर्षं मी राग म्हणजे आवाज समजत होतो, मला माहीतच नव्हतं की तो इतका गुपचूप पण काम करतो. धम्मपदात आहे की उसळलेला राग जो भरकटलेल्या रथासारखा आवरतो तो खरा सारथी, बाकीचे नुसते लगाम धरून बसलेले. माझ्याकडं तर लगाम पण नाही, मी घंटीची दोरी ओढणारा, डबल बेल देऊन मोकळा.

दुसऱ्या दिवशी पोरगं ओलं चीवर घालून जेवायला बसलं. खांद्यावरून पाणी ठिपकत होतं. एकदा शिंकलं. कोणाला काही म्हणलं नाही, आणि मी त्याच्या मागंच, हातभर अंतरावर, भात खातोय. तो भात काही केल्या उतरेना.

आपण वंदनेत रोज म्हणतो, ओकास, द्वारत्तयेन कतं सब्बं अपराधं खमतु मे भन्ते. काया, वाचा, मन या तीन दारांनी जे काही चुकलं त्याची माफी. मी हे शाळेत असल्यापासून म्हणतोय, चालीवर, अर्धं लक्ष चपलांकडं ठेवून. शेवटच्या संध्याकाळी धाकट्यानं थोरल्यासमोर बसून हे म्हणायचं होतं. माझा थोरला तोच. बसलो उकिडवं, हात जोडले, ओकास म्हणलं आणि पुढचे शब्दच येईनात, पाठ असलेले शब्द. मग मराठीतच सांगितलं, तुझं चीवर मी सरकवलं होतं.

त्याला उत्तरात काय म्हणायचं ते पाठ नव्हतं. ते म्हणालं, हो काका, मला दिसलं होतं. ठीक आहे.

अकराव्या दिवशी घरी आलो. चार वाजता दुधाचा चहा घेतला, दोन कप, डोक्याला रुमाल बांधून. बायको म्हणाली आभाळ भरलंय, गच्चीवरचे कपडे काढून आणा. गच्चीवर दोरी एकच, अर्धी आमची अर्धी शेजाऱ्यांची, मधी खूण म्हणून मीच मागं कधीतरी लाल सुतळी बांधलेली. शेजाऱ्यांची चादर सुतळीच्या अलीकडं चांगली दोन हात आलेली होती. मी बघत उभा राहिलो. थेंब पडायला लागले.

चिमटे पण आमचेच लावलेले होते.