पाव थ्रॉटलला फाउल होणारा प्लग: तपास नीडल जेटपर्यंत पोहोचला

माझी कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक गाडी किकला लगेच सुरू होते, मोकळ्यावर पूर्ण थ्रॉटलला छान ओढते. पण दगडगोट्यांतून हळूहळू चालवत राहिलं की अडखळायला लागते. स्पार्क प्लग काढून बघावा तर फाउल झालेला, म्हणजे ओला आणि काळाकुट्ट. नवा टाकला तरी पुन्हा तेच.

एनजीकेचा ९ नंबरचा प्लग काढून ८ नंबरचा, म्हणजे जास्त गरम प्लग टाकला तर त्रास थोडा लांबतो. मला तो मार्ग पटत नाही. हवा-पेट्रोलचं मिश्रण रिचच (पेट्रोल जास्त) राहतं आणि पूर्ण थ्रॉटलला प्लगचं टोक विनाकारण तापतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल कमी करण्याचंही तसंच. पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ३२:१ म्हणजे लिटरला सुमारे ३१ मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली. जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) तोच ठेवून ऑइल कमी केलं, तर त्यातून जाणारं पेट्रोल थोडं वाढतं आणि मिश्रण आणखी रिच होतं. म्हणून ३२:१ तसंच ठेवलं.

आधी क्लच बाजूच्या क्रँक सीलवरचा संशय मिटवला, कारण ते सील गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं. काढलेलं गिअर ऑइल मोजलं तर भरलं होतं तेवढंच निघालं. तरीही इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून ६ पीएसआय हवा भरली आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरची नळी साबणाच्या पाण्यात बुडवली. काटा हलला नाही, एकही बुडबुडा आला नाही. मॅग्नेटो बाजूचं सील गेलं असतं तर इंजिनाने बाहेरची हवा ओढली असती आणि मिश्रण लीन (पेट्रोल कमी) झालं असतं, म्हणजे लक्षण अगदी उलटं. प्लग कॅप, स्पार्क, एअर फिल्टर, फ्लोटची उंची, चोकच्या प्लंजरचं रबर, सगळं ठीक निघालं.

खरी दिशा दिली ती ग्रिपवरच्या चिकटपट्टीने. पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करून प्रत्येक ठिकाणी थ्रॉटल धरून पाहिला. अडखळण्याची भडभड पावाच्या आसपासच होती, अर्ध्याच्या पुढे आवाज मोकळा. पायलट जेट, म्हणजे थ्रॉटल जेमतेम उघडा असताना पेट्रोल देणारा जेट, एक नंबर लहान केला, तर थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम वरच लटकायला लागले. म्हणजे पायलट लीन झाला, तरी पावाला भडभड कायम! इथे माझा संशय पक्का झाला. त्या टप्प्यात पेट्रोल नीडलचा (थ्रॉटलच्या स्लाइडला लटकणाऱ्या सुईचा) सरळ भाग आणि ती ज्यात वरखाली होते तो नीडल जेट यांच्यामधल्या फटीतून येतं. नीडलची उंची ठरवणारी क्लिप बदलून नीडल खाली केली तरी सरळ भागाची जाडी तीच राहते, त्यामुळे क्लिपशी खेळून उपयोग नव्हता.

मेन जेट काढून नीडल जेट बाहेर घेतला आणि उजेडासमोर धरला. भोक गोल राहिलेलं नव्हतं, एका बाजूला अंडाकृती झिजलं होतं, आणि नीडलवर त्याच बाजूला चकचकीत पट्टा. स्लाइडसोबत नीडल सतत थरथरते, त्यात पितळ झिजतं. हा भाग सर्व्हिसिंगमध्ये सहसा कुणी बघत नाही, पण बघायलाच हवा. नवा संच मागवताना नीडलवरचा कोड जुळवून घ्या, सरळ भागाची जाडी त्यातच येते.

नवी नीडल आणि नीडल जेट बसवले, पायलट मूळ नंबरवर आणला. हळू चालवूनही प्लग आता कोरडा, इन्सुलेटर तपकिरी. सायलेन्सरमधून अजून काळं तेल टपकतंय, पण ते सायलेन्सरच्या आतल्या, आवाज शोषणाऱ्या पॅकिंगमध्ये मुरलेलं जुनं ऑइल असावं. पॅकिंग बदलल्यावरच टपकण्यावरून काही ठरवेन. पूर्ण थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणाऱ्या मेन जेटसाठी पूर्ण थ्रॉटलला इंजिन बंद करून प्लग बघायचा बाकी आहे.