कमाटी बागेतला जर्मन साहेब

बडोद्यात पाहुणा आला की त्याला कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये न्यायचं हे ठरलेलंच, आणि म्युझियम म्हणजे काय तर व्हेल आणि ममी, बस. लहानपणी मावशी आम्हाला दांडिया बाजारातून चालत न्यायची, ७० फुटांहून लांब तो सांगाडा बघून आम्ही आ वासायचो, ममीपाशी धाकटा हमखास रडायचा, मग बाहेर येऊन शेंगदाणे. पिक्चर गॅलरीत कोण जातंय!

परवा भाच्याला घेऊन गेले तेव्हा मात्र मी त्याला ह्या म्युझियमच्या एकेकाळच्या जर्मन प्रमुखाची, हर्मन गोएट्झची गोष्ट सांगत बसले. १८९८ चा जन्म, गाव कार्ल्सरूहे, आणि ह्या माणसाने अभ्यास कशाचा करावा तर मुघल दरबारातल्या कपड्यांचा! म्हणजे चित्रावर तारीख नसली तरी जाम्याची म्हणजे घेरदार अंगरख्याची लांबी किती, पगडी कशी बांधलीये, कमरेचा पटका कसा सोडलाय यावरून काळ काढायचा. अकबराच्या काळातला जामा खाली टोकं लोंबणारा, तो दिसला की अंदाज बांधायचा. ऐकायला फार भारी वाटतं, पण आमची मावशी तेच करते की, लग्नाचा जुना फोटो हातात दिला तर ब्लाउजच्या बाह्या बघून साल सांगते आणि सहसा चुकत नाही.

तर हे साहेब हॉलंडमार्गे १९३६ ला भारतात आले, मग महायुद्ध सुरू झालं, जर्मन म्हणून इंग्रजांनी स्थानबद्ध केलं, आणि सुटल्यावर आमच्या गायकवाडांच्या संस्थानाने म्युझियम त्यांच्या हातात दिलं. मला हे फार आवडतं. सयाजीरावांनी जमवलेलं युरोपियन चित्रांचं घबाड आधीच होतं, त्यावर नुसतं बसून राहता आलं असतं, पण ह्यांनी म्युझियमचं बुलेटिन सुरू केलं, बिकानेर आणि हिमाचलातल्या चंब्याच्या कलेवर लिहिलं, आणि वर नव्या पोरांची चित्रं विकत घेतली. १९४५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून काढून टाकलेल्या सूझा ह्या तरुण चित्रकाराचं निळ्या बाईचं चित्र मुंबईच्या प्रदर्शनातून बडोद्यासाठी घेणारा हाच माणूस. मुघलांच्या पगड्या मोजणाऱ्याला ते चित्र आवडावं ही खरी गंमत आहे, नाहीतर जुन्याच्या अभ्यासकांना नवीन काही दाखवलं की पोटात दुखतं (आमच्याकडच्या संगीतातही तेच, पण तो विषय परत कधीतरी).

पुढे १९५४ ला दिल्लीत नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट निघाली, तिचे पहिले प्रमुखही तेच. नंतर जर्मनीत परतले, १९७६ ला गेले.

भाच्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी विचारलं, "मग व्हेल पण त्यांनीच विकत घेतला का गं आत्या?"

नाही रे बाबा, तो १९४४ ला महीच्या मुखाशी आपणहून आला होता.