पाण्यात हिस्सा, कठड्यात नाही

मराठवाड्यातील एका तालुक्यात मी नायब तहसीलदार असताना पोलीस ठाण्याकडून अहवाल आला की, पावसाच्या रात्री एक मोटारसायकलस्वार रस्त्यालगतच्या बिनकठड्याच्या विहिरीत पडला आणि पंपाच्या पाइपला धरून राहिल्यामुळे वाचला. अशा विहिरीला कुंपण घालण्याचा सशर्त आदेश शासनाने तसा खास अधिकार दिलेल्या, माझ्यासारख्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देता येतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 133 त्यासाठी होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 152 आहे.

सातबाऱ्यावर विहीर सामाईक होती. चुलत भावांचे हिस्से आण्यांत नोंदलेले होते आणि पाण्याच्या पाळ्याही ठरलेल्या होत्या. पाहणीला गेलो तेव्हा डांबराच्या कडेपासून विहिरीचे तोंड अगदी जवळ होते, वरच्या थराचे दगड सुटून आत गेले होते आणि वाढलेल्या गवताने काठ असा झाकला होता की दिवसाही तो चटकन दिसत नव्हता. थोरले म्हणाले, “साहेब, विहीर आजोबांच्या काळची आहे, रस्ताच रुंद होत होत तिच्याजवळ आला.” हे खरे होते, म्हणून बांधकाम खात्याला मी वेगळे पत्र दिले, पण कायदा विहीर आधी की रस्ता आधी हे पाहत नाही, तिची मालकी, ताबा किंवा नियंत्रण आज कोणाकडे आहे ते पाहतो. धाकट्याचे म्हणणे होते, “माझा हिस्सा चार आणे, मी कठडा का बांधू?” पाण्याची पाळी तासभर चुकली तर जे हमरीतुमरीवर येतात, त्यांना काठ मात्र कोणाचाच वाटत नाही, याचा मला मनापासून राग आला.

पलीकडे कोरडा गेलेला बोअर होता. तोंडावर पोते आणि पोत्यावर दगड. पोते उचलले तर केसिंगचा, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेला पाइपही उपसून नेलेला. लहान मुलाचा पाय पडला असता तर ते सरळ खाली गेले असते. असा बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरून घ्यावा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच स्पष्ट केले आहे. तो मी उभे राहून माती आणि मुरमाने भरून घेतला.

आदेश सर्व हिस्सेदारांच्या नावे काढला. मुदतीत कठडा न झाल्यास तो प्रशासन बांधील आणि खर्च त्यांच्याकडून वसूल होईल, हे समजावून सांगितल्यावर खर्च आण्यांच्या हिशेबाने वाटून घ्यायला ते तयार झाले. तोवर त्याच संध्याकाळी विहिरीभोवती बाभळीच्या काट्या लावून घेतल्या आणि त्या रस्त्यालगतच्या सगळ्या विहिरींची यादी करायला तलाठ्यांना सांगितले.