बोका ट्रेबाहेर शू करायला लागला तेव्हा

बोका आपला शी-शूचा वाळूचा ट्रे सोडून भलतीकडे शू करायला लागला, की घरातलं पहिलं मत ठरलेलं असतं: मुद्दाम करतोय. आमच्याकडेही तेच. पाहुण्यांच्या मुलाला जास्त वेळ मांडीवर घेतलं म्हणून गुंड्या रुसला, परवा ओट्यावरून हाकललं त्याचा राग काढतोय, अशी चर्चा जेवताना व्हायची. मला ते पटत नव्हतं. वाळू उकरून, बुजवून, वर पुन्हा वास घेऊन खात्री झाल्यावरच ट्रेमधून बाहेर येणारा हा बोका. तो एकाएकी सासूबाईंच्या गोधडीवर जाऊन बसतो, तर त्याला काहीतरी होतंय, एवढं मला स्पष्ट दिसत होतं.

ठाण्यात आमचा वन बीएचके फ्लॅट आहे. घरात आम्ही दोघं, मुलगी, सासूबाई आणि गुंड्या. त्याची नसबंदी लहानपणीच झालेली, त्यामुळे 'वयात आलाय' हे कारण निकालात निघालं होतं. पावसाळ्याचे दिवस होते. आधी गोधडी, मग दाराजवळचं पायपुसणं, मग मोरी आणि बेसिन. मोरीत तो बराच वेळ बसून राहायचा आणि खाली पाहिलं तर रुपयाएवढा डाग. बेसिनच्या पांढऱ्या भांड्यात मात्र त्या डागाला गुलाबी झाक दिसली. त्याच संध्याकाळी मी त्याला पिंजऱ्यात घालून डॉक्टरांकडे नेलं.

तिथे डॉक्टरबाईंनी औषधाआधी प्रश्न विचारले. खाली बसून करतो की उभ्याने, शेपटी थरथरवत भिंतीवर फवारतो? एका वेळी किती? दिवसातून किती वेळा जातो? बसल्यावर ओरडतो का? नंतर तिथेच चाटत बसतो का? यातला पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, हे मला तेव्हा कळलं. उभ्याने, मागे फवारा मारणं ही हद्दीची खूण असते. आडव्या जागेवर बसून, थोडं थोडं, वारंवार होणं हे बहुतेक वेळा मूत्राशयाच्या दुखण्याचं लक्षण असतं. माझ्या मोबाइलमध्ये मोरीतला व्हिडिओ होता. तो पाहून त्यांचं अर्धं काम झालं. ज्यांच्याकडे असा प्रकार चालू आहे त्यांनी डॉक्टरांकडे जाताना व्हिडिओ जरूर न्यावा. तपासणीच्या टेबलावर मांजर घाबरून गप्प बसतं आणि घरी काय होतं ते कुणालाच दिसत नाही.

त्यांनी पोट चाचपून पाहिलं. मूत्राशय लहान आणि मऊ लागलं. 'हे चांगलं आहे, अडकलेलं नाही,' त्या म्हणाल्या आणि मग जे सांगितलं ते प्रत्येक बोकावाल्या घराला माहीत हवं. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. खडे, स्फटिक किंवा चिकट स्राव यांचा बोळा तिथे बसला की लघवी पूर्ण तुंबते. मग मूत्राशय फुगून घट्ट होतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात. प्रकृती चोवीस तासांतच ढासळू लागते आणि उपचार मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत बोका दगावतो. बाहेरून दिसतं ते फक्त एवढंच, की तो बसतो, जोर लावतो आणि काही येत नाही. अनेक घरांत त्याला बद्धकोष्ठ समजून दूध-तूप पाजलं जातं आणि रात्र जाते. अशी वेळ आली तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्री जो दवाखाना उघडा असेल तिथे जायचं.

सोनोग्राफीत खडे दिसले नाहीत. पोटातून बारीक सुईने लघवी काढून तपासली. वाटतं तितकं भयंकर नसतं ते, गुंड्याने मानही वळवली नाही. त्यात रक्तपेशी होत्या, जंतू नव्हते. निदान झालं इडिओपॅथिक सिस्टायटिस, म्हणजे मूत्राशयाचा असा दाह ज्याचं थेट कारण सापडत नाही. दहा वर्षांखालच्या मांजरांत जंतुसंसर्ग फारसा आढळत नाही. लघवीची तक्रार घेऊन येणाऱ्या मांजरांपैकी निम्म्याहून अधिक मांजरांत हेच निदान होतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणून त्यांनी अँटिबायोटिक दिलं नाही. वेदनाशामक दिलं, खाण्यात बदल सांगितला आणि बजावलं, की घरातली माणसांची गोळी द्यायची नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

औषधाने गुलाबी रंग गेला, थेंब थेंब होणं थांबलं. पण ट्रे? ट्रेकडे तो जायचा, वास घ्यायचा आणि वळून गोधडी शोधायचा. घरात सगळ्यांचा धीर सुटला तो इथे. एका नातेवाइकाने तर सरळ सुचवलं, 'मासळी बाजारात सोडून या, तिथे खायला भरपूर.' हे ऐकून माझं रक्त उसळलं. घरात वाढलेला बोका बाजारात टिकत नाही. तिथले बोके, कुत्रे, गाड्या यांत तो दोन दिवस लपून बसतो आणि उपाशी मरतो. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही मी त्यांना सांगितलं. विषय तिथेच मिटला.

ट्रे नाकारण्याचं कारण डॉक्टरबाईंनी फोनवर उलगडून सांगितलं. दुखत असताना तो ट्रेमध्येच बसत होता, त्यामुळे दुखणं त्या ट्रेला चिकटलं. आजार गेला तरी ती जागा त्याच्या लेखी दुखणारीच राहिली. त्यात आमचा ट्रे झाकणाचा, आत अंधार, आतली वाळू लव्हेंडरच्या वासाची आणि जागा ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनला खेटून. मशीन स्पिनला गेली की तिथली फरशी हादरते. माणसाच्या सोयीचा ट्रे होता तो. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतं, आपल्याला मंद वाटणारा सुगंध बंद डब्यात त्याला सोसवत नाही.

मग नवा ट्रे. दुकानातले सगळे लहान वाटले. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जेवढी लांबी, त्याच्या दीडपट ट्रे हवा असं म्हणतात. म्हणून भांड्यांच्या दुकानातून कपडे ठेवायचा मोठा प्लॅस्टिकचा खोका आणला, नवऱ्याने एका बाजूला उंबऱ्याएवढी कड ठेवून तो कापला आणि कडा पॉलिश कागदाने घासून गुळगुळीत केल्या. वाळू त्यानेच निवडावी म्हणून दोन ट्रे शेजारी ठेवले. एकात बिनवासाची बेंटोनाइटची बारीक वाळू, दुसऱ्यात लाकडाच्या भुशाच्या गोळ्या. गोळ्यांवर त्याने एकदा पाय ठेवला आणि झटकला. बेंटोनाइट मात्र उकरत राहिला. ही माती आपल्याकडे कच्छात निघते, ओली झाली की गोळा बनतो आणि तेवढाच उचलून टाकता येतो. दोन इंचांचा थर पुरतो.

एका मांजराला दोन ट्रे, म्हणजे मांजरं जेवढी त्याहून एक जास्त, हा नियम वन बीएचकेत पाळणं सोपं नव्हतं. पहिला ट्रे पॅसेजच्या टोकाला बसला. दुसऱ्यासाठी शांत कोपरा उरला तो देवघराच्या भिंतीपलीकडचा. आईंना, म्हणजे सासूबाईंना, ते नको होतं आणि त्यांचं म्हणणं मला मान्य होतं. रोज पहाटे त्या तिथे पूजेला बसतात. अखेर त्यांनीच तोडगा काढला: 'माझ्या पलंगाच्या पायथ्याशी ठेव, नाहीतरी रात्री तो माझ्याकडेच येतो.' ज्यांची गोधडी भिजत होती, त्यांनीच स्वतःच्या खोलीत ट्रे घेतला. मला ते फार लागलं.

सफाईचं प्रकरण वेगळंच. फिनेलने पुसणं ही आपल्या घरांतली सवय, पण काळ्या फिनेलमधली फिनॉलं मांजराच्या यकृताला निचरता येत नाहीत. पंज्याला लागलेलं तो चाटतो आणि विषबाधा होते. फिनॉल असलेल्या इतर जंतुनाशक द्रवांचीही तीच गत. शिवाय वास झाकला गेला तरी मूळ जात नाही. बोक्याच्या लघवीत फेलिनीन नावाचं अमिनो आम्ल असतं आणि ते कुजताना गंधकाची उग्र संयुगं बनतात. म्हणूनच ताज्या डागापेक्षा दुसऱ्या दिवशीचा डाग जास्त वास मारतो. तो वास त्याला पुन्हा तिथेच बोलावतो. एन्झाइमचा फवारा ऑनलाइन मिळतो, तो वापरला. आधी जुन्या सुती कपड्याने ओल दाबून टिपायची, चोळायची नाही, मग फवारा मारून भिजू द्यायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. पावसाळ्यात ऊन नाही, त्यामुळे गोधडी पंख्याखाली. छोटा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घेऊन रात्री दिवे घालवले तेव्हा सोफ्यामागे आणि चपलांच्या कपाटाखाली पिवळट हिरवे डाग चमकले. ते आम्हाला ठाऊकच नव्हते. जिथे डाग निघाले तिथे सफाईनंतर त्याच्या खाण्याची वाटी ठेवली. जिथे जेवतं तिथे मांजर सहसा घाण करत नाही.

पण हा दाह मुळात आला कुठून, हा प्रश्न राहतोच. या आजारावर अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे टोनी बफिंग्टन यांनी आयुष्यभर काम केलं. २००६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी घरातच राहणाऱ्या ४६ आजारी मांजरांच्या राहणीत बदल करवले आणि दहा महिने पाहणी केली. खेळ, उंच जागा, लपायची जागा, इतर मांजरांचा त्रास कमी, एवढ्याने त्यांचा त्रास लक्षणीय घटला. डॉक्टरबाईंनी हे सांगून विचारलं, 'घरात अलीकडे काय बदललंय?'

बदललं होतं ते घराबाहेर. एक धिप्पाड भुरा बोका पावसापासून आडोसा म्हणून आमच्या गॅलरीच्या कठड्यावर बसायला लागला होता. काचेपलीकडून त्याची आणि गुंड्याची टक लागायची. खालच्या मजल्यावरच्या काकू त्याला जिन्यात खायला घालत. मी त्यांच्याशी बोलले. भांडण नाही झालं, उलट त्यांनी वाटी पार्किंगच्या मागच्या शेडमध्ये हलवली, आणि आम्ही दोघींनी मिळून त्या बोक्याची नसबंदी करवून घेतली. गॅलरीच्या खालच्या काचांना धुरकट कागद लावला. गुंड्यासाठी कपाटावर जुनी उशी टाकली आणि मुलीने रोज रात्री जेवणाआधी दोरीला पीस बांधून त्याला पळवायचं काम अंगावर घेतलं.

पाण्याचं शेवटी. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर, तहान कमी लागते आणि लघवी घट्ट असते. ती पातळ ठेवली तर मूत्राशयाला आराम. कोरड्या दाण्यांच्या जागी बहुतांश ओलं खाणं आणि चिकन उकडलेलं पाणी सुरू केलं. त्यात मीठ नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही, ते मांजराला विषारी. पाण्याच्या पसरट वाट्या खाण्यापासून दूर, तीन ठिकाणी.

नव्या ट्रेमध्ये तो पहिल्यांदा बसला तेव्हा आई पलंगावरून ओरडल्या, 'अगं ये, बघ!' आणि मी 'हळू, घाबरेल' म्हणत धावले. त्यानंतर गोधडी वाचली. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने पुन्हा दोनदा मोरीत थेंब सांडले. डॉक्टरबाईंनी हे होईल असं आधीच सांगितलं होतं, त्यामुळे घरात कुणी त्याला रागावलं नाही. आईंच्या खोलीची खिडकी लावून घेतली, पलंगाखाली खोका ठेवला, औषध घरात होतंच. आता सकाळी ट्रे साफ करताना मी गोळे मोजते. रोजच्याएवढे आणि मुठीएवढे असले तर ठीक. बारीक बारीक पुष्कळ निघाले, किंवा एकही निघाला नाही, तर चहा नंतर, आधी फोन.